उजव्या बोटाचा भरवसा

घड्याळं दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या म्हाताऱ्यांचा उजवा हात एका सकाळी झोपेतून उठलाच नाही. जीभही अडखळू लागली होती, ती पुढे वळणावर आली. हात हलायचा तेवढा हलायचा, पण त्याला ऊन कळेना की गार कळेना. म्हातारे ते कबूल करत नसत. "जरा बधिर आहे, येईल ताळ्यावर," म्हणत.

त्यांचं एल्म या थंड मुलखातल्या झाडाचं बोन्साय छत्तीस वर्षं गॅलरीत होतं. उंची वीतभर, पण बुंधा असा की एखादं जुनं झाड लांबून पाहतोय असं वाटावं. थंडीतही ते बाहेरच असे. या झाडाला हिवाळ्याची झोप लागते, उबेत ठेवलं तर जागरणाने खंगतं, हे त्यांनी घरात इतक्यांदा सांगितलं होतं की मुलगा म्हणायचा, "माझ्या झोपेची कधी एवढी काळजी केलीत?" त्यावर म्हातारे म्हणत, "तुला उठवायचीच काळजी होती रे."

आता गॅलरीपर्यंत जाणं त्यांना झेपेना, म्हणून सुनेने आपल्या मनाने कुंडी आत आणून पलंगाशेजारी स्टुलावर ठेवली. ते नको नको म्हणाले, पण नजर झाडावरून हटेना. मग म्हणाले, राहू दे चार दिवस. चार दिवसांचा महिना झाला.

सून इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. चादर वाळली की दमट राहिली, ते तिला दोन बोटांत कळे. कामावर जाण्याआधी ती कुंडी सासऱ्यांपुढे धरी आणि ते सवयीने उजवं बोट पेरभर मातीत घालत. पाणी कधी घालायचं ते बोटाने ठरवायचं, हा त्यांचा नेम. डोळे मिटून क्षणभर थांबत आणि सांगत, "कोरडी आहे. घाल."

माती ओली असायची. बोटाला चिकटून वर यायची. ते डोळे उघडायच्या आत सून रुमालाने बोट पुसून टाकी.

पहिल्या दिवशी ती बोलणारच होती. पण दुखणं आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काम जमल्याचं समाधान दिसलं, आणि तिने पाण्याचा तांब्या उचलला. पाणी घालताना ती मनात म्हणे, देवा, उद्या मला खरं बोलायचं बळ दे. देवाने दिलंही असेल. तिनेच हात पुढे केला नाही.

पानं पिवळी पडून गळू लागली. थंडीची पानगळ असेल, असं तिने सांगितलं. त्यांनाही ते पटवून घ्यायचं होतं.

एका रविवारी गळलेलं पान उचलायला त्यांनी डावा हात पुढे केला आणि तो गार, ओल्या मातीवरच थबकला. बोट नाकाशी नेलं. कुजका वास होता.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून, बाबा."

ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"आजारी मी होतो, पोरी," ते म्हणाले. "झाड नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं तसं तिने केलं. काळी, मऊ पडलेली मुळं कापली, कोरड्या भरड मातीत झाड बसवलं आणि कुंडी गॅलरीत ठेवली. उरलेला सगळा हिवाळा ती मातीत आपलं बोट घालून बघे, आणि ते काही विचारत नसत.

रस्त्यावरची झाडं फुटली तेव्हा त्यांनी तिला गॅलरीत पाठवलं. साल नखाने खरवड, म्हणाले, आत हिरवं दिसलं तर जीव आहे. तिने डहाळी खरवडली. मग फांदी. मग वाकून बुंधा.

"काय दिसतंय?" आतून आवाज आला.

थोडं हिरवट आहे म्हणणं किती सोपं होतं. ते बघायला थोडेच येणार होते.

"वाळलंय, बाबा."

"बुंध्याशी बघितलंस?"

"बघितलं. सगळं वाळलंय."

आत पलंग करकरला. मग म्हातारे म्हणाले, दार लाव, वारा येतोय. वारा नव्हता. तिने दार बाहेरूनच ओढून घेतलं आणि ती कुंडीपाशी खाली बसली.