बारावा हजार

लांब पल्ल्याचं धावणं हा माणसाने शोधलेला सर्वांत अहिंसक खेळ आहे. हे वाक्य ट्रॅकलगतच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, आणि बरोबर त्याच्याखाली, सहाव्या हजाराच्या शेवटच्या वळणावर, बारकीने वहिनीच्या बरगडीत कोपर घातलं.

वहिनीच्या तोंडून मोटारीचं दार लागल्यासारखा आवाज निघाला. ती अर्धं पाऊल मागे पडली, परत बरोबरीला आली आणि काही बोलली नाही. बोलायला जी हवा लागते ती तिला पुढच्या शंभर मीटरांसाठी हवी होती.

"तीन चौदा," शेवटच्या रेषेवर उभे असलेले मास्तर घड्याळात बघत म्हणाले. "वा! आज दोघींचं छान जमतंय."

भिंतीवरचं वाक्य मास्तरांचंच. वहिनी त्यांची बायको आणि बारकी त्यांची धाकटी बहीण. मैदानावर मात्र नाती चालणार नाहीत, असा त्यांचा कडक नियम होता. आत आलं की दोघींनी त्यांना 'सर' म्हणायचं आणि नाती फाटकाबाहेर ठेवायची. ती बिचारी बाहेरच थांबायची आणि सराव संपेपर्यंत आणखी भुकेजायची.

गतीच्या दिवशी बारा हजार असायचे. एक हजार मीटर, म्हणजे अडीच फेऱ्या, जवळजवळ फुटेस्तोवर पळायच्या. मग दोन मिनिटांत मधल्या गवतातून चालत पलीकडे जायचं आणि मास्तरांनी इकडून हात खाली केला की पुन्हा सुटायचं. पहिल्यात बारकी पुढे, दुसऱ्यात वहिनी पुढे, असं आळीपाळीने. दोघींना स्वतःचं घड्याळ बांधायला बंदी होती. "घड्याळ माझं, पाय तुमचे," मास्तर म्हणायचे. हे वाक्य अजून भिंतीवर गेलं नव्हतं, पण जागा राखून ठेवली होती.

दर हजारानंतर रेषेवर प्रयोगशाळेतली एक बाई दोघींच्या कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायची. तिला सगळे डास म्हणायचे. तिनेही ते मनाला लावून घेतलं नव्हतं. उलट सुई काढताना ती कधीकधी बारीकसं गुणगुणायची.

एरवी या सगळ्यात कोपराला फारसं काम नसतं. पण आज होतं. जागतिक मॅरेथॉनसाठी देशाच्या तीन बायका जायच्या होत्या. दोघी ठरल्या होत्या. तिसरी याच घरातली असणार, हेही ठरलं होतं; कोणती, एवढंच राहिलं होतं. निवड समितीने ते ओझं अलगद मास्तरांच्या गळ्यात टाकलं. "तुमच्या घरातलाच प्रश्न आहे, तुम्हीच सोडवा. फक्त गुरुवारी दुपारी बारापर्यंत नाव कळवा."

मास्तरांनी दोन दिवस विचार केला. बायकोचं नाव दिलं तर आई बोलणार. बहिणीचं दिलं तर बायको बोलणार नाही, आणि ते जास्त वाईट. तेव्हा गुरुवारी सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता त्यांनी जाहीर केलं, "बारावा हजार मोकळा. त्यात जी आधी रेषा ओलांडेल तिचं नाव." बेचाळीस किलोमीटरची निवड एका किलोमीटरवर करणं म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकाचा आचारी काडी कशी ओढतो ते बघून ठरवण्यासारखं होतं. पण त्यामुळे मास्तरांना स्वतःला काही ठरवावं लागत नव्हतं, आणि पद्धतीची तेवढी एक बाजू निर्दोष होती.

सासूबाई नाश्त्याला म्हणाल्या होत्या, "कुणीही गेलं तरी घरातलंच. भांडू नका ग." नंतर बारकीला बाजूला घेऊन त्या "तू जा" म्हणाल्या आणि वहिनीला बाजूला घेऊन "तिला जाऊ दे" म्हणाल्या.

वहिनी पस्तिशीची होती. एकदा पायाच्या हाडाला चीर गेली म्हणून आणि एकदा चार सेकंद कमी पडले म्हणून तिची जागा हुकली होती. तिसऱ्यांदा हुकली असती तर पुढे हुकायलाही काही उरलं नसतं. बारकी पंचवीसची. अकरा वर्षांपूर्वी तिला हाताला धरून ट्रॅकवर आणली ती वहिनीनेच. नाडी कशी बांधायची, पळता पळता अंगावर न उडवता कसं थुंकायचं, वळणावर कुणी आत घुसलं तर कोपर नेमकं कुठे मारायचं, सगळं तिनेच शिकवलं. शिष्येने शेवटचा धडा विशेष मन लावून घेतलेला दिसत होता.

सातव्यात वहिनीने बारकीच्या टाचेवर पाय दिला. आठव्यात बारकीने ओकारी काढली. तोंड बाजूला न वळवता. नवव्यात वहिनीच्या डाव्या अंगठ्याचं नख सुटलं आणि बुटात फिरू लागलं. मास्तर दर खेपेला वेळ सांगत राहिले. "तीन तेरा." "तीन चौदा." "खांदे सैल सोडा. चेहऱ्यावर प्रसन्नता हवी."

"चेहरा कुठाय ते तरी सांगा," बारकी म्हणाली.

एव्हाना तिला आपलं वय विचारलं असतं तरी तिने मास्तरांकडे बघितलं असतं. सगळ्याच धावणाऱ्यांचं असं होतं. रक्त डोकं सोडून मांड्यांत जातं आणि आकडे मोजायला वर कुणी शिल्लक राहत नाही.

पुढच्या एका खेपेला वहिनीची पाळी होती. पलीकडे उभी राहून ती मास्तरांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, काहीतरी ओरडून सांगणार असल्यासारखी वाट बघत. मास्तरांनी मुकाट्याने हात खाली केला. दोघी पळाल्या. वहिनी अर्धं पाऊल पुढे, बारकी तिच्या खांद्याशी, आणि तशाच रेषेवर आल्या.

"तीन चौदा."

डासाने सुई टोचली. वहिनीने कान तिच्या हातात देऊन विचारलं, "किती झाले, सर?"

मास्तरांनी घड्याळाचं बटण दाबून बघितलं. "अकरा. आता शेवटचा. मोकळा."

वहिनीने तोंड उघडलं. मग बारकीकडे बघितलं. बारकी गुडघ्यांवर हात टेकून ओणवी उभी होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम एका लयीत खाली पडत होता. वहिनीने तोंड मिटलं, टॉवेलचं टोक दातांत धरून करकचून चावलं, आणि गवतातून चालू लागली.

हात खाली आला तशी बारकी सुटली. पहिल्याच वळणावर ती वहिनीला पुरतं ओलांडायच्या आधी आत वळली आणि मागे उचललेल्या बुटाच्या खिळ्यांनी वहिनीची नडगी गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत उसवली. रक्त मोज्यात उतरलं. पहिली फेरी सत्तर सेकंदांत झाली.

"लय!" मास्तर ओरडले. "लय बिघडू देऊ नका!"

दुसऱ्या फेरीत वहिनीने बारकीचा बनियन पाठीवर मुठीत पकडला आणि खेचला. शिवण टरकली. बारकीने मागे न बघता मूठ फिरवली, ती वहिनीच्या नाकावर बसली आणि काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज झाला. वहिनीने तोंडात आलेलं रक्त थुंकलं. अंगावर एक थेंबही न उडवता. पावलं दोघींचीही चुकली नाहीत. इतक्या वर्षांच्या सरावाचं हेच तर फळ असतं.

"कोपरं आत! दोघींची कोपरं बाहेर जातायत!"

शेवटच्या वळणावर वहिनी बरोबरीला आली. तिच्या हनुवटीवरून गळणारं रक्त वाऱ्याने बारकीच्या दंडावर उडत होतं. शेवटच्या सरळ पट्ट्यात तिने खांदा घातला. बारकी आतल्या लोखंडी कठड्यावर आपटली आणि कोसळता कोसळता तिच्या हाताला वहिनीची वेणी लागली. रेषा पंधरा मीटरवर असताना दोघी एकमेकींवर पडल्या.

तिथून पुढे जे झालं त्याला धावणं म्हणता येणार नाही, पण दिशा तीच होती. बारकी कोपरांवर सरपटत निघाली. वहिनीने तिचा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि ओला कपडा पिळावा तसा पिळला. 'चट्' झालं. बारकी किंचाळली आणि मोकळ्या पायाने लाथ घातली. खिळे वहिनीच्या मनगटात रुतले, पण पकड सुटली नाही. शेवटी बारकीने घोट्यासकट वहिनीला ओढत नेलं आणि हनुवटी रेषेवर टेकवली.

"तीन एक्केचाळीस," मास्तर कर्तव्यबुद्धीने म्हणाले. "आजचा सगळ्यात हळू."

मग पुढे होऊन त्यांनी दोघींकडे बघितलं, आणि डॉक्टरांना हाक मारली.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली उपचारांची खोली होती. दोन खाटा, एक खिडकी, भिंतीवर आतून माणूस कसा असतो त्याचं रंगीत चित्र. डॉक्टरांनी वहिनीच्या नाकात कापूस कोंबला होता आणि आता ते तिची नडगी शिवत होते. बारकीचा घोटा भोपळ्यासारखा झाला होता. तिने त्यावर बर्फाची पिशवी धरली होती आणि त्याही स्थितीत ती जिंकल्यासारखी बसली होती.

मास्तर दारात उभे होते. साडेअकरा वाजले होते. "मग बारकीचं नाव..." असं त्यांनी सुरू केलं, तेवढ्यात त्यांच्या काखेखालून डास आत आली. तिच्या हातात पट्ट्यांची पेटी होती.

"सर, तुम्ही बारा सांगितले होते ना?"

"बाराच झाले."

"माझ्याकडे दोघींच्या मिळून सव्वीस पट्ट्या आहेत."

"पळायच्या आधीची एकेक धरली असेल."

"ती धरली तर अठ्ठावीस."

डॉक्टरांनी टाका घालायचं थांबवलं. मास्तरांनी खिशातून घड्याळ काढलं, बटणं दाबली, सगळ्या वेळा वरून खाली आणि खालून वर वाचल्या. बारा होत्या. मग त्यांना काहीतरी आठवलं, आणि ते आठवताना त्यांचा चेहरा हळूहळू मैदानाबाहेरचा झाला.

"पहिल्याच्या वेळी समितीचा फोन होता," ते म्हणाले. "हात खाली केला मी. बटण दाबायचं राहिलं."

"पहिल्याची वेळ तीन सोळा सांगितलीत की," बारकी म्हणाली.

"ती... अनुभवावरून."

"दादा!"

"मैदानावर सर म्ह..."

बारकीने उशाजवळचा स्टीलचा ट्रे उचलला आणि फेकला. तो कडेने मास्तरांच्या कपाळावर लागला आणि बराच वेळ फरशीवर वाजत राहिला.

"माझ्याकडे दोनच खाटा आहेत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मास्तरांच्या हातात कापसाचा बोळा दिला आणि पुन्हा सुई उचलली.

बारकी बोटांवर काहीतरी मोजत होती. एकदा मोजलं, अंगठ्यापासून पुन्हा मोजलं.

"वहिनी, बाराव्यात पुढे कोण होतं ग?"

"माझी पाळी होती," वहिनी म्हणाली. कापसामुळे तिचा आवाज माठातून आल्यासारखा येत होता. "सम आकडे माझे."

"म्हणजे तेव्हाच तुझं नाव झालं होतं."

"हं."

"तुला माहीत होतं?"

वहिनी छताकडे बघत राहिली.

"मग बोलली का नाहीस? दादा अकरा म्हणाला तेव्हा? एवढंच म्हणायचं होतं, सर, बारा झाले. डासाला विचारलं असतं. संपलं असतं ना!"

"तू जिंकल्यावर कशी दिसतेस ते अकरा वर्षं बघतेय," वहिनी म्हणाली. "पुढे असताना जिभेचं टोक बाहेर काढतेस. हरल्यावर कशी दिसतेस ते एकदा बघायचं होतं. पाळीने नाही. खरोखरची हरल्यावर."

बारकीने यावर विचार केला. तिला त्यात गैर काही दिसलं नसावं.

"सोडला असतास घोटा तर उठून पुढे गेली असतीस," ती म्हणाली. "मी पडलेलीच होते."

"सुचलं नाही."

"मलापण लाथच सुचली."

दारात मास्तरांनी कपाळावरचा बोळा काढून बघितला, त्यावर रक्त होतं याची खात्री करून घेतली आणि तो परत लावला. "नियम बाराव्याचा होता," ते म्हणाले. "तेव्हा हिचं नाव कळवतो. डॉक्टर, नाकाने काही अडत नाही ना? श्वास काय, तोंडाने घेता येतो."

"नाकाने नाही अडत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोरा कापला. "नडगीने अडतं. खिळा हाडापर्यंत गेलाय. सहा आठवडे पळायचं नावही काढायचं नाही."

"शर्यत पाच आठवड्यांवर आहे."

"मग सातव्या आठवड्यात ठेवायला सांगा त्यांना. बारकीच्या घोट्याला तर दहा लागतील."

गवतात टाकलेला टॉवेल कुणीतरी वहिनीच्या हातात आणून दिला होता. तिने त्याची घडी घातली. उलगडली. दातांच्या खुणा आत जातील अशी पुन्हा घातली, आणि कडा जुळेपर्यंत जुळवत राहिली. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. डॉक्टर हात धुवायला वळले होते, डास पेटीला कुलूप लावत होती आणि मास्तर फोनमध्ये नंबर शोधत होते.

बारकीने घोट्यावरची बर्फाची पिशवी उचलून पलीकडच्या खाटेवर सरकवली.

"हे घे. नाक सुजतंय."

"तुझं काय?"

"माझं सुजून झालंय."

वहिनीने पिशवी चेहऱ्यावर ठेवली. डोळ्यांसकट सगळा चेहरा तिच्याखाली झाकला गेला.

बाराला पाच मिनिटं असताना मास्तर बोळात गेले. मैदानावर पाणी मारायला आलेल्या माणसाने त्यांना विचारलं, "सर, ट्रॅकवर सांडलंय ते लाल कशानं निघेल?" मास्तरांनी त्याला हाताने थांब म्हटलं, पाठ फिरवली आणि फोन कानाला लावला.

तिसऱ्या जागेवर राखीव यादीतली एक चित्रकलेची शिक्षिका गेली. शाळा सुटल्यावर ती एकटीच पळायची. ती एक्केचाळिसावी आली.