कुलूप लावायला झालेला उशीर

सोमवारच्या बैठकीत कुणाची तरी बिनपाण्याने करायची, ही त्या संस्थेतली जुनी रीत. मंडळी, तुमच्या-आमच्या कचेरीतही ती असेलच, उगाच नाही म्हणू नका. नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायकांना ही संस्था आसरा मिळवून देई. काम जोखमीचं, म्हणून संस्थेच्या प्रमुख बाई चुकणाऱ्याला सोडत नसत.

गेल्या वर्षी एका कार्यकर्त्याचा लॅपटॉप टॅक्सीत राहिला. त्याने लगेच फोन केला, बाईंनी आपल्या टेबलावरच्या संगणकावरून हुकूम सोडला आणि लॅपटॉप होता तिथेच कुलूप लागून बंद पडला. ज्याच्या हाती लागला असेल तो बसला असेल बोंबलत. पण सोमवारी बाईंनी त्या बापड्याला उभं करून सगळी कहाणी वदवून घेतली. सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून त्याचं नावच पडलं टॅक्सी.

आणि आज, कचेरी बंद करायच्या वेळी, नवी सल्लागार मुलगी बाईंच्या समोर खाली मान घालून उभी होती.

"लॅपटॉप चोरीला गेला, बाई. सकाळी. उपाहारगृहात खुर्चीवर ठेवून हात धुवायला गेले होते."

"सकाळी? मग दिवसभर काय झोपा काढत होतीस?"

"शोधत होते. वाटलं, सापडला तर कुणाला कळायचंच नाही."

बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी हुकूम सोडला, पण पडद्यावर उमटलं की लॅपटॉप दुपारी वापरला गेलाय, आता पुन्हा इंटरनेटला जोडला की मगच बंद होईल. पोरीने तो चालूच ठेवला होता, पासवर्डचीही अडचण नाही! संस्थेने नुकतीच गुपचूप खोली मिळवून दिलेल्या एका शिवणवालीचा नवा पत्ता आत होता. तिचा नवरा तिच्या मागावर होता, दिसेल त्याला विचारत फिरत होता.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? सोमवारी बघतेच तुला," बाई कडाडल्या.

दारात उभा असलेला टॅक्सी आत आला. "बाई, ओरडून झालं असेल तर बोलू? मी लगेच सांगितलं, तर वर्षभर माझी टर उडवलीत. ते बघून ही कशाला सांगेल? लॅपटॉप बंद करायची सोय तुमच्याकडे आहे, पण गेलाय हे आम्ही सांगायला हवं ना? सांगायची सोय तुम्ही ठेवली नाहीत."

"म्हणजे चोरी मी केली?"

"चोरी चोराने केली. उशीर मात्र आपण सगळ्यांनी मिळून केला."

बाईंना ते मुळीच पटलं नाही. धुसफुसतच त्यांनी टेंपो बोलावला आणि तिघं शिवणवालीच्या खोलीवर गेले. ती मशीनवर पडद्यांना काठ घालत होती. दोन गिऱ्हाइकं नुकतीच जमली होती, तिची मुलगी शाळेत आत्ता कुठे रुळत होती. पुन्हा बिऱ्हाड हलवायचं म्हटल्यावर तिने मशीन थांबवलं.

"कधी गेला तो लॅपटॉप?"

"सकाळी," बाई म्हणाल्या.

"मग मला आत्ता का सांगताय?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. सल्लागार पोरगी भिंतीला चिकटून रडत होती. खोटं बोलणं बाईंच्या जिवावर आलं. "ही मला घाबरली," त्या म्हणाल्या.

शिवणवालीने मशीनवरचा पडदा घडी करून पिशवीत भरला. "माझ्याही घरी असंच होतं. बशी फुटली की तुकडे लपवायचे, मग ते सापडेपर्यंत जीव मुठीत. तुमच्याकडे तसं नसेल, असं वाटलं होतं मला."

बाईंना लख्ख उमगलं. ज्या जाचातून या बायकांना सोडवायचं, तोच आपण कचेरीत आणून बसवला! मशीनचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं, दुसरं टॅक्सीने.

टेंपोत बसताना बाईंच्या फोनवर निरोप आला की लॅपटॉप बंद झाला. तोवर कुणी काय पाहिलं, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. शिवणवालीचं घर मात्र उठलं होतं.

सोमवारी बैठकीत बाईंनी टॅक्सीला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, वर्षभराने का होईना त्याचे आभार मानले आणि सल्लागार मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. कुणी हसलं नाही.

मंडळी, चोरलेलं यंत्र लांबून बंद करायची युक्ती माणसाने शोधलीय, ती जरूर वापरा. पण चुकलेल्याला निर्भयपणे "हरवलं" म्हणता आलं, तरच ती वेळेवर कामी येते. म्हणून आधी ऐकून घ्या, यंत्राला कुलूप लावा. रागवायचंच असेल तर ते नंतरही जमेल.