रामाजींच्या नंबरची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे, पायांनी नव्हे, हातांनी चालवायची. सध्या हिंगण्यातल्या एका छपरीत गंजत पडले आहे आणि कोंबड्या माझ्या आसनावर अंडी घालतात. घालू देत. पण कुणी मला खुराडं म्हटलेलं मला खपणार नाही!

नागपूरच्या इतवारीतल्या एका सायकलच्या दुकानात माझा जन्म झाला. ते १९७४ साल होतं. हिंगण्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मदतनिधी होता. थोडं कामगार घालत, थोडं मालक घालत. म्हातारे झालेल्या, अपंग झालेल्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना त्यातून मदत मिळे. रुपराव या कामगाराच्या पायांवर साचा कोसळला आणि दोन्ही पाय गुडघ्यापासून गेले, तेव्हा निधीने त्यांच्यासाठी मला विकत घेतलं. पहिल्या दिवशी ते माझ्यावर बसून नुसते पानठेल्यापर्यंत गेले आणि परत येताना ढसाढसा रडले. मग माझ्या मागे टोपली बांधून ते भाजी विकू लागले. त्यांचं घर माझ्यावर चालत होतं, याचा मला फार गर्व होता.

निधीचे चिटणीस होते मनोहरराव. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. निधीने दिलेलं एक शिलाई मशीन कुणीतरी परस्पर विकून टाकलं, तेव्हापासून त्यांनी दोन नियम केले. निधीची वस्तू दुसऱ्या कुणाला वापरायला द्यायची नाही, हा एक. दुसरा खंडेनवमीचा. त्या दिवशी कारखान्यातल्या यंत्रांची पूजा होई. निधीच्या वस्तूही धुऊनपुसून फाटकावर पूजेला आणायच्या. पूजेचा भोंगा वाजायच्या आत आली नाही, तर ती वस्तू काढून पुढच्या नंबरच्या माणसाला द्यायची.

रुपरावांच्या मागचा नंबर होता रामाजींचा, त्याच कारखान्यातल्या कामगाराचा. लकव्याने त्यांचे पाय गेले होते. चाकं लावलेल्या फळीवर बसून ते हातांनी सरकत येत. दर खंडेनवमीला फाटकावर ते माझ्याकडे टक लावून पाहत. खरं सांगते, मला त्यांचा राग येई.

एका खंडेनवमीला सकाळीच रुपरावांनी मला घासूनपुसून लख्ख केलं. तेवढ्यात शेजारून किंकाळी आली. गोपिका बाळंतपणात अडली होती. तिचा नवरा कामाला खापरखेड्याला गेलेला आणि दवाखाना लांब. त्या दिवशी वाहन मिळणार कुठून? पूजा झाल्याशिवाय कुणी चाक हलवत नाही. रिक्षावाल्याने हात जोडले, बैलबंडीवाल्याने मान फिरवली. रुपरावांची बायको पंचफुलाबाई धापा टाकत दारात आली.

"काहून उभी राहिली? गाडी ने ना," रुपराव म्हणाले.

"आन् भोंगा वाजला तं? गाडी गेली तं तुमी काय करसान?"

"ते मंग पाहू. पोट्टी मरून राहिली तिकडं!"

पंचफुलाबाईने गोपिकेला माझ्यावर बसवलं. "बस वं, लाजू नको," म्हणाली आणि मागून ढकलत पळत सुटली. दगड चुकवण्याइतकाही वेळ नव्हता. प्रत्येक खड्ड्याला गोपिका ओरडे. दवाखान्यात नर्सने तिला उचलून आत नेलं. पंचफुलाबाई तिच्यामागे गेली. मी लिंबाखाली एकटी उभी. तीन तीन चाकं असून मला बोटभरही सरकता येईना. आतून आवाज नाही, बाहेर कुणी नाही. आणि भोंगा वाजला. रोजचाच भोंगा, पण त्या दिवशी तो मला नकोसा झाला.

बऱ्याच वेळाने पंचफुलाबाई धावत आली आणि मला घेऊन तशीच फाटकाकडे पळाली.

फाटकावर यंत्रांना झेंडूचे हार चढले होते. देवराव नावाच्या सोबत्याने रुपरावांना पाठीवर घालून आणलं होतं. ते मातीत बसले होते. "विकली वाटते," अशी कुजबुज चालली होती. रुपरावांनी खरं सांगावं तरी नियम मोडल्याचीच कबुली.

"कुठं होती गाडी?" मनोहररावांनी विचारलं.

"गोपिकेले दवाखान्यात नेलं जी," पंचफुलाबाई म्हणाली.

"म्हणजे दुसऱ्याला दिली." मनोहररावांनी रुपरावांकडे पाहिलं. "आज तुम्हाला सोडलं, तर उद्या कोणाला काय सांगू मी? रामाजी, पुढं या. गाडी तुमची."

ढोलवालेसुद्धा थांबले. रामाजी फळी सरकवत माझ्याजवळ आले. संपलं, मला वाटलं, माझे रुपराव आता पुन्हा घरात कोंडले जाणार. रामाजींनी वर चढायला आसनावर हात टेकला. हात लाल झाला. पंचफुलाबाईला मला धुवायला सवडच कुठे मिळाली होती?

"हे रगत कोनाचं वं?"

"गोपिकेचं. पोट्टी झाली. दोघी जगल्या."

रामाजी आपल्या तळहाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मनोहरराव, नियम तुमचा बरोबर आहे. पन ह्या गाडीवर मले बसवत नाई. रुपराव, धुवून घे गा. पूजा राहिली तिची."

"आणि तुमचा नंबर?" मनोहररावांनी विचारलं.

"माह्या नंबरची येईन पुढच्या साली. मले काय घाई?"

मनोहरराव नळावर गेले आणि बादली स्वतः भरून आणली.

पण पुढच्या साली गाडी आली नाही. कारखान्याला मंदी आली, निधी आटला. त्याच्या पुढच्या सालीही नाही. रामाजी फळीवरून येत, माझ्याकडे बघून हसत. आता मला त्यांचा नाही, स्वतःचा राग येई.

मग एका खंडेनवमीला रामाजींच्या नंबरची हिरवी कोरी गाडी आली. रामाजी त्याच पावसाळ्यात वारले होते. पण त्यांची बायको तुळजाबाई त्यांची फळी धुऊन, पुसून फाटकावर घेऊन आली. ती फळी निधीची नव्हती, त्यांच्या घरचीच होती. मनोहररावांनी हळदकुंकवाचं ताट घेतलं, नव्या गाडीला ओलांडून पुढे गेले आणि पहिली पूजा त्या फळीची केली.

पुढे रुपरावही गेले आणि मी या छपरीत आले. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. या कोंबड्या हुसकवा, माझ्या साखळीला तेल घाला आणि मला कुणाच्या तरी दारात नेऊन उभी करा. लवकर करा. आत्ताही कुठेतरी कुणी फळीवरून सरकत असेल, आणि विचारलंत तर तोही हसून म्हणेल, "मले काय घाई?"