जीव घाबरतो म्हणजे

संगप्पाने टेबलावरचा हसऱ्या तोंडाचा कागद उचलला आणि मधोमध फाडला. मग रडक्या तोंडाचा उचलला. तोही फाडला.

"आता इचारा," तो म्हणाला. "विश्वास किती हाय म्हणून इचारा."

ग्रामपंचायतीच्या खोलीत पुढे सतरंजीवर पुरुष बसले होते, मागे दाराशी बायका. भिंतीवर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असं फडकं होतं. पावसाने सलग दुसऱ्या साली दगा दिला होता आणि खोलीत सगळ्यांच्या अंगाला धुळीचा वास येत होता.

कंपनीचा माणूस मल्लिकार्जुन लातूरचाच होता, पण नोकरीला पुण्यात. त्याच्या कंपनीने गेल्या वर्षी गावातल्या घरोघरी फोनमध्ये बोलती बाई घालून दिली होती. बटण दाबून दुखणं सांगायचं, बाई उपाय सांगायची, गरज पडली तर गाडी बोलवायची. चार महिन्यांपूर्वी संगप्पाची बायको दानम्मा गेली आणि त्यानंतर गावात कुणी ते बटण दाबेना. लोकांचा विश्वास का उडाला, हे समजून घ्यायला मल्लिकार्जुन आला होता; विश्वास आहे की नाही ते दाखवायला त्याने हसऱ्या-रडक्या तोंडांचे कागद आणले होते.

"काका, तुमचा राग मी समजू शकतो."

"न्हाई समजत तुला. लिवून घे. मी सांगतो तसं लिव."

"सांगा."

"दानम्मा त्या बोलत्या बाईला म्हणाली, जीव लई घाबरून राहिला. एवढंच म्हणाली. ह्याचा अर्थ काय?"

मल्लिकार्जुन लिहायचा थांबला.

"तुझी आई लातूरची ना? तुझ्या आईनं म्हणलं, जीव घाबरून राहिला, तर तू काय करशील?"

"दवाखान्यात नेईन."

"कामून?"

"छातीचं दुखणं असू शकतं."

"मंग तुझ्या मशीनला ते ठावं न्हाई?" संगप्पाचा आवाज फाटला. "ते म्हणलं, घाबरू नका ताई, मी तुमच्यासोबत आहे. डोळे मिटा, सावकाश श्वास घ्या. तिनं मिटले डोळे. मी आपल्या पिठाच्या गिरणीत होतो. गिरणी बंद करून घरात गेलो, तवा ती भिंतीला टेकून बसलेली आन् मांडीवरचा फोन म्हणतोय, आता श्वास सोडा. ती गेली तरी ते म्हणूनच राहिलं, आता श्वास सोडा."

दाराशी बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी पदर तोंडाला लावला.

"बस खाली, संगप्पा," सरपंच शेषेराव म्हणाला. "पोरगं पाहुणं हाय."

"पाहुणं हाय तर चहा पाज त्याला. मला बोलू दे." तो पुन्हा मल्लिकार्जुनकडे वळला. "मला दुसरं काही नको. पैसे नकोत. मशीन चुकलं, एवढं कागदावर लिव आन् खाली सही कर. आजारी माणसाला आधी घाबरू नका म्हणायचं कुण्या शहाण्यानं शिकवलं त्याला, त्याचं नाव पण लिव."

मल्लिकार्जुनने लॅपटॉप उघडला. त्यात एक जुनी फाइल शोधली.

"लिव ना."

"काका, ते वाक्य आमचं नाही."

"मंग कुणाचं? माझ्या बापाचं?"

"गेल्या वर्षी इथेच बैठक झाली होती. मशीनने कसं बोलावं, हे आम्ही गावालाच विचारलं होतं. पिवळ्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. त्या सगळ्यांचे फोटो आहेत."

"दाव."

"राहू द्या, काका."

"दाव म्हणलं ना!"

मल्लिकार्जुनने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. पडद्यावर एक पिवळी चिठ्ठी होती. गिरणीच्या पाटीवर दराचे आकडे लिहितो त्याच ठसठशीत अक्षरात संगप्पाने लिहिलं होतं: डॉक्टर अंगावर येतात. मशीनने आधी घाबरू नका म्हणावं. खाली नाव होतं, सं. गिरणीवाले.

संगप्पाने ते दोनदा वाचलं. शेषेराव वाकून बघायला लागला, तसा त्याने लॅपटॉपवर हात आडवा धरला. मग हात काढून घेतला.

"माझंच हाय," तो म्हणाला.

बाहेर शेळी ओरडत होती.

"ह्यात तिची चिठ्ठी बघ."

"कुणाची?"

"दानम्माची. त्या दिवशी ती हितं होती. घराची किल्ली मागायला आली होती दारात. मी हे मोठ्यानं वाचून दावलं, तवा ती म्हणाली, असं म्हणू नका. घाबरू नका म्हणलं की बाईमाणूस पुढचं सांगतच न्हाई, गप बसती."

"मग?"

"मंग काय. मी म्हणलो, तुला कुणी इचारलं? सगळे हसले. शेषेराव, तू लई हसलास."

शेषेरावने गमछ्याने तोंड पुसलं. मल्लिकार्जुन एकेक चिठ्ठी पुढे सरकवत शेवटापर्यंत गेला.

"नाही, काका. बायकांची एकही नाही. घरटी एक माणूस, असं ठरलं होतं."

"आन् घरटी एक म्हणलं की कोण येणार, हे तुला ठावं नव्हतं? तू हितलाच ना?"

मल्लिकार्जुनने लॅपटॉप मिटला.

एवढ्यात वेशीकडून टँकरचा भोंगा वाजला. बायका एकदम उठल्या. चपला शोधत, एकमेकींना ढकलत बाहेर पळाल्या. दोन मिनिटांत खोलीचा मागचा भाग रिकामा झाला.

"चला, बरं झालं," शेषेराव म्हणाला. "आता आपलं आपलं बोलून घेऊ."

संगप्पा उठून बाहेर गेला. टँकरभोवती घागरी, बादल्या, रंगाचे डबे रांगेत मांडलेले होते. सगळ्यात पुढे त्याची शेजारीण उमाबाई पाइप धरून उभी होती.

"पाइप दे हिकडं," तो म्हणाला. "तू आत जा. त्या पोराला काय सांगायचं ते सांग. समद्याजणी जा."

"कामून? पाण्याचं काय?"

"मी भरतो."

"तुमी?" उमाबाई हसली. "दानम्मा होती तवर एक तांब्या भरला न्हाई, आन् चाळीस घागरी भरणार व्हय!"

हसता हसता ती थांबली. संगप्पाने पाइप तिच्या हातातून ओढून घेतला. मग ती बाकीच्या बायकांना हाक मारून आत गेली. एकेक करत सगळ्या गेल्या.

संगप्पा पहिली घागर भरायला लागला. अर्धं पाणी त्याच्या पायांवर सांडलं. टँकरवाला वरून ओरडला, "अहो, पाणी हाय का चेष्टा? नीट धरा की!" शेषेराव आणि बाकीचे पुरुष बाहेर ओट्यावर येऊन उभे राहिले होते. खाली उतरलं कुणी नाही.

"बघून राहिलात काय?" संगप्पा त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "सिनेमा हाय का?"

दुसरी घागर भरली. तिसरी. आत उमाबाई बोलत होती. आधी शब्द कळत नव्हते, मग आवाज चढला. ओट्यावरून शेषेरावने खिडकीत तोंड घालून तिला काहीतरी म्हटलं.

"तू थांब रे," आतून उमाबाई म्हणाली. "माझं झालं न्हाई अजून."

संगप्पाने चौथी घागर पुढे ओढली.