सिसोयच्या हातचा कागद

सिसोय लुकिचच्या हातात बेड्या पडल्या तेव्हा सरकारी कागद कारखान्यातला एकही माणूस मान वर करेना. बाजारात पंचवीस रुबलची एक खोटी नोट सापडली होती, आणि पीटर्सबर्गहून आलेल्या अधिकाऱ्याच्या मते तिचा कागद इथूनच चोरीला गेला होता. नोटांचा कागद घडवणारे हात एकट्या सिसोयचे. गुन्हा शाबीत झाला तर चाबूक, आणि त्यातून जीव वाचलाच तर सायबेरिया.

अधिकारी तसा वाईट नव्हता. कबूल कर, फटके कमी करवतो, असं त्याने सांगून पाहिलं. मुकादम पोतापनेही बायकापोरांची आठवण करून दिली. सिसोयने फक्त नोट मागितली आणि ती खिडकीपाशी धरली. कडेला फिकट अक्षरं दिसत होती. त्याला वाचता येत नव्हतं, पण तीच अक्षरं तारेची वळवून त्याने स्वतः लगदा गाळायच्या साच्यावर शिवली होती. त्याचा चेहरा लालबुंद झाला. मरणाची भीती बाजूलाच राहिली, त्याला अपमान झोंबला.

"हुजूर, मला चोर म्हणा हवं तर. पण हा भिकार कागद माझा म्हणू नका."

तारेवर लगदा पातळ बसतो म्हणून खरी अक्षरं कागदाच्या अंगातच असतात, ही मात्र कुणीतरी तेलाने काढलीत, असं त्याने सांगितलं. बायका कपडे धुतात ते राखेचं कढत पाणी आणा, त्यात ही नोट आणि माझा एक कागद, दोन्ही बुडवा, म्हणाला.

"दोन्हींवरची अक्षरं गेली तर?" अधिकाऱ्याने विचारलं.

"तर मी सायबेरियाला गेलो."

पोताप पुटपुटला, निदान वरचा चांगला कागद तरी दे. सिसोयने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. गठ्ठ्यातला कुठलाही काढा, असं सिसोय म्हणाल्यावर अधिकाऱ्याने मुद्दाम अगदी तळातला ओढला.

थोड्याच वेळात पाण्यावर तेलाचा तवंग आला. खोटी नोट उजेडाला धरली तर अक्षरांचा मागमूस नाही. सिसोयचा कागद निथळत होता, पण त्याची अक्षरं जशीच्या तशी होती. सगळा कारखाना भोवती गोळा झाला होता, आणि प्रत्येकाची छाती फुगली होती.

बेड्या काढताना अधिकारी हसून म्हणाला, "एवढा ताठा! नोटेचा कागद चांगला निघाला असता, तर काय केलं असतंस रे?"

"चांगला निघाला असता हुजूर, तर तो माझाच असता. मग कबूल केलं असतं."