पार्वतम्मांचा उजवा डोळा

मित्रांनो, माझं नाव जरा अवघड आहे. ऑफ्थॅल्मोस्कोप. डोळ्याच्या बाहुलीतून आत उजेड टाकायचा आणि मागचा पडदा डॉक्टरांना दाखवायचा, हे माझं काम. मी आता जुना झालो आहे. सोलापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या घामाने माझ्या मुठीवरचा काळा रंग उडाला. मला हातात घेतलं की रोग्याच्या इतकं जवळ जावं लागतं, की त्याचा श्वास गालाला लागतो. तेव्हा कुठे आतलं दिसतं.

मग कोरोनाच्या साथीत कॉलेज बंद पडलं आणि नेत्रविभागात शिकवणाऱ्या वैजयंती मॅडम तपासणीचे व्हिडिओ करून मुलांना पाठवू लागल्या. कॉलेज उघडलं, तरी व्हिडिओ राहिले. मला मात्र त्या व्हिडिओंचा भरवसा वाटेना. व्हिडिओत अख्खा पडदा स्वच्छ, स्थिर दिसायचा. माझ्यातून दिसतो एवढासा तुकडा, तोही हलता. मुलं मोबाइलकडे बघत माना डोलवायची आणि मला घाईघाईने फिरवून खाली ठेवायची. यांना खरंच काही दिसतं का, अशी शंका मला दर वेळी यायची.

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या रुग्णालयात पार्वतम्मा आल्या. विणकराच्या घरातल्या, मधुमेह जुना, अलीकडे धूसर दिसायला लागलेलं. मॅडमनी ऋतुजा या विद्यार्थिनीला तपासायला सांगितलं. मुलगी हुशार, सगळे व्हिडिओ तोंडपाठ. तिने मला उजव्या डोळ्यासमोर धरलं. माझा उजेड आत गेलाच नाही, वरूनच चकाकून परत आला. ती घुटमळली. मग वळून मॅडमना म्हणाली, पडदा नॉर्मल आहे, रक्तवाहिन्याही ठीक आहेत. शब्द व्हिडिओतलेच होते.

पार्वतम्मा शांतपणे म्हणाल्या, “पोरी, तो डोळा काचेचा हाय की. लहानपणी मागावरचा धोटा उडून लागला, तवा गेला. मला हा एकच हाय.”

ऋतुजाचा चेहरा उतरला. आता ही माझ्या बॅटरीला दोष देणार, असं मला वाटलं. पण तिने पार्वतम्मांची माफी मागितली आणि डाव्या डोळ्याशी वाकली. बराच वेळ गेला.

“मॅडम, मला अजून दिसत नाहीये,” ती म्हणाली.

“मग बघत राहा,” मॅडम म्हणाल्या.

तिने मान किंचित वळवली, आणि बाहुली आतून नारिंगी उजळली. एक रक्तवाहिनी दिसली, तिच्या कडेला रक्ताचे ठिपके. मॅडमनी स्वतः पाहून खात्री केली आणि त्याच दिवशी उपचार सुरू केले. पार्वतम्मांची नजर टिकली. आता त्या तपासणीला एकट्या बसने येतात.

मॅडमनी ऋतुजाला घेऊन नवा व्हिडिओ केला. त्यात ऋतुजा चाचपडते आणि “अजून दिसत नाहीये” म्हणते. ते त्यांनी कापलं नाही.

माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. मित्रांनो, व्हिडिओ जरूर पाहा. पण माणसासमोर बसलात की न दिसलेलं दिसलं म्हणू नका. समोरच्याला कदाचित तो एकच डोळा असेल.