दाय

ऑर्नेल्लानं पावाचा तुकडा सुपात बुडवून रुमीच्या हातात दिला.

"दाय, खा ना."

रुमीनं तुकडा तोंडापर्यंत नेला, थबकली, आणि तो परत ऑर्नेल्लाच्या तळहातावर ठेवला. अडीच वर्षांच्या पोरीची नजर तेवढी तुकड्यावरच राहिली.

"दाय, रुमी. चल ना गं, दाय."

आता चमचाही परत आला. मग वाटी. आणखी काही उरलं नाही म्हणून ती गळ्यातलं लाळेरं ओढायला लागली.

बल्गेरियातल्या अनाथाश्रमातून तिला दत्तक घेऊन इटलीत, उदिनेला, आणून एकेचाळीस दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत हातात दिलेली प्रत्येक वस्तू रुमीनं अशीच परत केली होती. बाहुली, लाल बूट, केसांची पिन, सगळं आता स्वयंपाकघरातल्या खणात पडून होतं. आणि ऑर्नेल्ला जरा पाठमोरी झाली की हीच पोर ताटातलं गपागप गिळायची. म्हणजे भूक होती. नको होती ती आई.

नियम समाजसेविकेनं घालून दिलेला. पहिले तीन महिने भरवायचं फक्त आईनं, उचलायचं फक्त आईनं, घरी पाहुणे नकोत. सासूबाई केक घेऊन आल्या तर त्यांनाही दारातूनच परत पाठवलं. "तीन जिने चढून मी काय दाराचा रंग बघायला आले?" म्हणून त्यांनी रुसून फोन बंद केला. नवरा, टुल्यो, सकाळी सातला खुर्च्यांच्या कारखान्यात जायचा, आणि ऑर्नेल्लाला त्याच्या डब्याचासुद्धा हेवा वाटायचा. एकदा रुमी जिन्यावर गेली, तेव्हापासून दाराला आतून कुलूप. किल्ली एप्रनच्या खिशात. ती मुठीत धरली की ऑर्नेल्लाला वाटायचं, आपण काही कोंडलेले नाही.

आज साडेबाराला समाजसेविका यायची होती. तिला काय सांगायचं ते ठरलं होतं. "मला जमत नाही. हिला घेऊन जा." न्हाणीघरात नळ सोडून तिनं ते वाक्य तीनदा म्हणून पाहिलं होतं. तेव्हाही दाराला टेकून रुमी बाहेर बसलेली होतीच.

घंटी वाजली. ऑर्नेल्लानं दार वीतभर उघडलं. बाहेर समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या ब्रूनोंना सांभाळणारी हलिना उभी होती. मूळची युक्रेनची.

"सिन्योरा, तुमची चीजची किसणी. आणि आमचे आजोबा विचारतायत, पोर जेवते का म्हणून."

"जेवते कसली! बघा तुम्हीच." ऑर्नेल्लानं पाव पुढे केला. "दाय, रुमी. दाय."

तुकडा हातात घेऊन रुमीनं मुकाट्यानं परत दिला.

हलिना आधी हसली. मग तिचं हसू विरलं.

"अहो, तुम्ही मागताय, ती देतेय."

"मी कुठे मागतेय?"

"दाय म्हणजे दे. आमच्या भाषेतही, तिच्या भाषेतही. घासाघासाला दे, दे, दे! कोण खाईल?" मग जरा मऊ आवाजात ती म्हणाली, "गुणी आहे हो पोर. एकदाही नाही म्हणाली नाही."

हलिना गेली. कुलूप लावून ऑर्नेल्ला फ्रिजसमोर उभी राहिली. बल्गेरियाला जाण्याआधी पाठ केलेले चाळीस शब्द तिथं तिच्याच अक्षरात लावलेले होते. सातवा शब्द: दाय, दे. तो तिला येत होता. पण तिच्या तोंडातला दाय इटालियन, नुसतं 'चल ना, कर ना' म्हणणारा; तो तिला कधी शब्द वाटलाच नव्हता. ऊठ दाय, पळ दाय, रडू नको दाय, असं ऐकतच ती वाढली होती. एकेचाळीस दिवसांत आपण तो किती वेळा म्हणालो असू, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं खण उघडला. बाहुली, बूट, पिन, एकेक करून रुमीपुढे मांडलं. शेवटी पाव. तोंडावर हात दाबून ती समोर बसली.

रुमीनं पाव उचलला. ऑर्नेल्लाच्या तोंडाकडे बघत ती थांबली. बराच वेळ थांबली. मग खाल्ला. समोरासमोर, पाठ न वळवता. दुसरा तुकडाही खाल्ला.

मग तिनं हात पुढे केला.

"दाय."

आजवर तिनं काही मागितलं नव्हतं. ऑर्नेल्लानं घाईघाईनं पाव दिला. रुमीनं मान हलवली. तिचं बोट एप्रनच्या खिशाकडे होतं.

"दाय."

ऑर्नेल्लाची मूठ किल्लीवर घट्ट झाली. तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मग किल्ली काढून त्या चिमुकल्या हातावर ठेवली. रुमीनं ती लाल बुटात टाकली, बूट मांडीवर घेतला, वर बाहुली झोपवली आणि चमचा उचलला.

साडेबाराला घंटी वाजली.

"सिन्योरा, मी आलेय."

"थांबावं लागेल थोडं," ऑर्नेल्ला दाराशी जाऊन म्हणाली. "किल्ली माझ्याकडे नाही."

"मग कोणाकडे आहे?"

ऑर्नेल्लानं वळून पाहिलं. चमचा अर्ध्यावर धरून रुमी तिच्या तोंडाकडे बघत होती. एकच शब्द उच्चारला असता तर किल्ली लगेच हातात आली असती.

"माझ्या मुलीकडे," ती म्हणाली आणि दाराला पाठ टेकून खाली बसली. "जेवण चाललंय तिचं."